करुणा थकते काय?



गेल्या वर्षावासातील गोष्ट आहे. रविवारची वंदना आटोपली, मंडळी पांगली, आणि एक भगिनी मागे थांबली. ती एका मोठ्या रुग्णालयात परिचारिका आहे. नोकरीला बावीस वर्षे झाली. सतरंजी गुंडाळता गुंडाळता ती म्हणाली, "दादा, परवा रात्रपाळीत माझ्या वॉर्डातला एक म्हातारा गेला. मी नाडी पाहिली, डॉक्टरांना बोलावले, कागद भरले आणि शेजारच्या खाटेचे सलाईन बदलायला गेले. मला काहीच वाटले नाही. पूर्वी मी रडायची. आता नातेवाइकांवर ओरडते. माझ्यातली करुणा आटली का?"

मी तेव्हा काहीतरी बोलून वेळ मारून नेली. पण प्रश्न मनातून जाईना. आपल्या कितीतरी घरांतील लेकीसुना हा गणवेश घालून रात्री घराबाहेर पडतात. त्यांच्यापैकी एकीने तुम्हाला हेच विचारले, तर तुम्ही काय सांगाल? 'सेवा हाच धर्म, थकून कसे चालेल' असे सांगाल काय?

आधी एक गोष्ट ध्यानी घ्या. तिला जे झाले ते तिचे एकटीचे नाही. अमेरिकेत क्रिस्टिना मास्लॅक व सुसान जॅक्सन या दोघी संशोधिकांनी १९८१ साली या अवस्थेचे मोजमाप तयार केले. तिची तीन अंगे त्यांनी सांगितली: मन रिते होणे, समोरचा माणूस माणूस न वाटता वस्तू वाटू लागणे, आणि आपल्या हातून काही चांगले होते आहे ही जाणीव मावळणे. 'खाट नंबर चौदा' असे आपण सहज म्हणतो ना, तेथूनच दुसऱ्या अंगाची सुरुवात होते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली ही अवस्था आपल्या वर्गीकरणात नोंदविताना तिला रोग म्हटले नाही. तिचा संबंध कामाच्या ठिकाणच्या, न आवरलेल्या ताणाशी जोडला. म्हणजे केवळ माणसाकडे नव्हे, कामाकडे बोट दाखविले.

मी तिला नंतर विचारले, "त्या रात्री वॉर्डात रुग्ण किती होते?" ती म्हणाली, "जमिनीवरचे धरून साठ. आम्ही दोघी." शिकविणाऱ्या रुग्णालयात तीन रुग्णांमागे एक आणि इतरत्र पाचांमागे एक परिचारिका, असा भारतीय परिचर्या परिषदेचा निकष सांगितला जातो. आता हिशेब तुम्हीच करा. पेनसिल्व्हेनिया राज्यातील १६८ रुग्णालयांचा एक अभ्यास २००२ साली प्रसिद्ध झाला. शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांची माहिती त्यात तपासली होती. परिचारिकेवर एक रुग्ण जादा पडला की रुग्ण तीस दिवसांत दगावण्याचा संभव ७ टक्क्यांनी, आणि परिचारिका अशी रिती होण्याचा संभव २३ टक्क्यांनी वाढलेला आढळला. एका जादा रुग्णाने एवढे! म्हणजे तिचे थकणे हे तिचे खासगी दुःख नाही. खाटेवर पडलेल्याच्या जिवाशी त्याची गाठ आहे.

आता तथागतांकडे या. अतिसाराने आजारी, आपल्याच मलमूत्रात पडलेल्या भिक्खूची कथा विनयाच्या महावग्गात आहे. तथागतांनी पाणी घातले, आनंदांनी त्याचे अंग धुतले, दोघांनी त्याला उचलून खाटेवर निजविले. ही कथा आपण व्याख्यानांतून शेकडो वेळा ऐकली आहे. पण आपले वक्ते येथेच थांबतात, आणि माझे म्हणणे असे की खरी गोष्ट पुढे आहे. तथागतांनी संघ बोलाविला. त्या भिक्खूची शुश्रूषा कोणी का केली नाही, असे विचारले. उत्तर आले की, तो आमच्या काही उपयोगाचा नव्हता! तेव्हा तथागतांनी नियम घालून दिला. आजाऱ्याचे उपाध्याय, आचार्य, शिष्य यांनी त्याची शुश्रूषा करावी. कोणीच नसेल तर ती संघाने करावी. न केल्यास दोष संघाचा. कोणा एका मृदू मनाच्या भिक्खूवर त्यांनी ते काम सोपविले नाही. करुणेची त्यांनी व्यवस्था लावली.

त्याच प्रकरणात आणखीही आहे. कोणत्या आजाऱ्याची शुश्रूषा करणे कठीण जाते, तेही तेथे सांगितले आहे. पथ्य न पाळणारा, आपले दुखणे नीट न सांगणारा, वेदना सोसू न शकणारा. म्हणजे सेवा करणाऱ्याच्या अडचणी मान्य केल्या आहेत. उत्तम शुश्रूषकाने लाभाच्या आशेने नव्हे, मैत्रीने सेवा करावी, असेही म्हटले आहे. आणि तरीही आजारी भिक्खू मरण पावला, तर त्याचे पात्र व चीवर शुश्रूषा करणाऱ्यांना द्यावे, अशी अनुज्ञा आहे! लोभ नसावा हे सेवकाला सांगितले. त्याचा वाटा द्यावा हे संघाला सांगितले. आपण नेमके उलटे करतो. ३ मे २०२० रोजी हेलिकॉप्टरमधून रुग्णालयांवर फुले टाकली गेली. पण पगाराचे काय? खाजगी रुग्णालय पन्नास खाटांहून लहान असले तरी परिचारिकेचा पगार २०,००० रुपयांहून कमी नसावा, अशी शिफारस सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशावरून नेमलेल्या समितीला २०१६ साली करावी लागली. करावी लागली, यातच सारे आले. बाबासाहेबांनी मे १९५६ मधील बीबीसीवरील भाषणात प्रज्ञा, करुणा आणि समता ही तीन तत्त्वे एकत्र सांगितली. समतेवाचून करुणा मागणे म्हणजे वरच्याने खालच्याकडून वेठ घेणे होय.

राहिला तिच्या न रडण्याचा प्रश्न. आचार्य बुद्धघोषांनी 'विसुद्धिमग्गा'त प्रत्येक ब्रह्मविहाराचा एक दूरचा व एक जवळचा शत्रू सांगितला आहे. करुणेचा दूरचा शत्रू क्रौर्य, हे कोणालाही कळते. जवळचा शत्रू मात्र शोक! तो करुणेसारखाच दिसतो, म्हणून फसवितो. तेव्हा पूर्वीचे रडणे म्हणजेच करुणा होती, असे तिने धरू नये. परंतु उपेक्षेचाही जवळचा शत्रू आहे: अजाणतेपणाची बेपर्वाई. तीही समचित्ततेसारखीच दिसते. शेजारच्या खाटेचे सलाईन वेळेवर बदलले गेले, ही करुणाच होती, असे मी म्हणेन. नातेवाइकांवर ओरडणे ही नव्हती. दोन्ही एकाच रात्री, एकाच बाईच्या हातून घडले, आणि त्या रात्री रुग्ण साठ होते.

करुणा दीर्घकाळ टिकते, याचे उदाहरण मुंबईतच आहे. के.ई.एम. रुग्णालयातील परिचारिका अरुणा शानभाग १९७३ साली हल्ल्यानंतर अंथरुणाला खिळल्या. मे २०१५ मध्ये त्यांचा अंत होईपर्यंत, सुमारे बेचाळीस वर्षे, तेथील परिचारिकांनी त्यांना सांभाळले. सर्वोच्च न्यायालयाने २०११ च्या निकालात त्यांचा गौरव केला. एवढे कसे जमले? त्यांना भरविणारी, पुसणारी, कूस बदलून देणारी परिचारिका एकच नव्हती. पाळ्या होत्या; जुन्या निवृत्त झाल्या, नव्या आल्या. त्या कामाचे समाधानही त्या सर्वांच्या वाट्याला आले असेल. समाधान असे वाटून घेतले तरी कमी होत नाही. ओझे मात्र वाटले नाही, तर माणूस मोडतो.

हे सर्व मी त्या भगिनीला पुढच्या पौर्णिमेला सांगितले. पात्र-चीवराची गोष्ट तिला फार आवडली. थोडा वेळ ती गप्प बसली. मग हसून म्हणाली, "दादा, त्या संघात रात्रपाळीला किती जण असायचे, ते कुठे लिहिले आहे का?"