संभवाचें गणित आणि कर्त्याचा धर्म

सामना सुरू होण्यापूर्वींच त्याचा निकाल सांगूं पाहणारें एक नवें शास्त्र आतां घरोघरच्या पडद्यावर येऊन बसलें आहे. खेळाडूंचे मागील आकडे संगणकांत भरावयाचे, त्यांवरून तोच सामना यंत्राच्या पोटांत दहा हजार वेळां खेळवावयाचा, आणि त्यांपैकीं किती वेळां कोण जिंकला हें मोजून शेंकडेवारी जाहीर करावयाची, अशी ही रीत आहे. अमेरिकेंतील महाविद्यालयीन फुटबॉलपासून आपल्याकडील क्रिकेटपर्यंत तिचा संचार आहे. पूर्वीं जोशीबुवांना विचारीत, आतां यंत्रास विचारतात, एवढाच काय तो फरक, असें कोणी म्हणेल. परंतु तें अन्यायाचें होईल. जोशीबुवा "होईल" असें म्हणतात. यंत्र "शंभरांत इतक्या वेळां होईल" असें म्हणतें, आणि आपल्या अज्ञानाचें माप स्वतःच देतें. हा प्रामाणिकपणा थोडा नव्हे. मात्र असा आकडा कानीं पडल्यावर ज्यानें प्रत्यक्ष खेळावयाचें त्यानें काय करावें, आणि ज्यानें दुसऱ्यास खेळूं द्यावयाचें त्यानें काय करावें, हा प्रश्न उरतोच.

या रीतीचा जन्म खेळांत झाला, पण तिचें बाळपण अणुशास्त्रांत गेलें. १९४६ सालीं स्टानिस्लाव उलाम हा गणिती आजारांतून उठत असतां एकट्यानें खेळावयाचा पत्त्यांचा डाव मांडीत बसे. डाव सुटण्याचा संभव किती, हें गणितानें काढणें फार जिकिरीचें. त्यापेक्षां शंभर वेळां पत्ते मांडून किती वेळां सुटला तें मोजावें, असें त्याला सुचलें. तीच युक्ति त्यानें व जॉन फॉन नॉयमन यानें न्यूट्रॉनांच्या हालचालीस लावली, आणि जुगाराबद्दल प्रसिद्ध असलेल्या माँटे कार्लोचें नांव तिला मिळालें. देशांतील पहिलें अणुवीजकेंद्र १९६९ सालीं तारापुरास सुरू झालें. अणुभट्टींतील एखादा न्यूट्रॉन कोठें जाईल हें कोणासहि सांगतां येत नाहीं. परंतु त्यांचा अगणित समुदाय कसा वागेल हें इतक्या निश्चितीनें सांगतां येतें कीं त्या भरंवशावर भट्टी चालते व घरांत दिवे लागतात. तारापुराहून पालघर फार दूर नाहीं. पण न्यूट्रॉनाकडून खेळाडूकडे जातांना मात्र फार मोठें अंतर तोडावें लागतें.

१९ डिसेंबर २०२० रोजीं अ‍ॅडलेड येथें भारताचा डाव अवघ्या ३६ धांवांत आटोपला. महिनाभरानें ब्रिस्बेनच्या कसोटींत मुख्य गोलंदाज दुखापतींमुळें बाहेर होते, आणि त्या मैदानावर ऑस्ट्रेलिया १९८८ पासून कसोटी हरली नव्हती. ३६९ धांवांस उत्तर देतांना भारताचे सहा गडी १८६ धांवांत बाद झाले, तेव्हां पालघरचा शार्दूल ठाकूर व तामिळनाडूचा वॉशिंग्टन सुंदर एकत्र आले. सुंदरचा हा पहिलाच कसोटी सामना. ठाकूरच्या २०१८ सालच्या एकमेव कसोटींत दहा चेंडू टाकतांच दुखापतीनें त्याची गोलंदाजी संपली होती. यंत्रास भरविण्याजोगा कसोटींतील पूर्वेतिहास दोघांपाशीं जवळजवळ नव्हताच. त्यांनीं १२३ धांवांची भागीदारी केली. ठाकूरनें ६७ धांवा काढल्या व सामन्यांत सात गडी बाद केले. आणि १९ जानेवारी २०२१ रोजीं ३२८ धांवांचें लक्ष्य गांठून भारतानें तीन गडी राखून सामना जिंकला.

यावरून "यंत्र हरलें, माणूस जिंकला" अशी टाळी पिटणें सोपें आहे. पण तो विचार नव्हे. शंभरांत पांच वेळां घडेल म्हटलेली गोष्ट एकदां घडली तर भाकित खोटें ठरत नाहीं. ती कधींच न घडती, तर मात्र ठरलें असतें. शिवाय पालघरहून पहांटेच्या गाडीनें बॅटींची पिशवी घेऊन मुंबईस जाणारा ठाकूर हा कांहीं एकटाच मुलगा नव्हे. जे तसेच परत आले, ज्यांचें नांव कोठें छापलें गेलें नाहीं, त्यांच्या कष्टांचा हिशेबहि कोणीं तरी ठेविला पाहिजे. एका विजयाची गोष्ट सांगून हजार मुलांना भरीस घालणें हें यंत्राच्या भाकितापेक्षां अधिक क्रूर होय. "लाखांत एखादा" असें बजावणारा बाप निर्दय नसतो. पुष्कळदां घरांतला तोच एक हिशेबी मनुष्य असतो.

मग आकडा मानावा कीं न मानावा? आमच्या मतें येथें एक भेद ध्यानांत घेतला पाहिजे. सातपाटीचा नाखवा वादळाची सूचना ऐकून होडी किनाऱ्यास ठेवतो. वादळ तें भाकित ऐकत नाहीं, म्हणूनच नाखव्यानें तें ऐकणें शहाणपणाचें. न्यूट्रॉनहि आपली शेंकडेवारी ऐकत नाहीं. खेळाडू मात्र ऐकतो. ऐकून खचतो किंवा चेवास चढतो. आणि त्याहून महत्त्वाचें म्हणजे, त्यास खेळविणारेहि ऐकतात. दहा हजार वेळां सामना खेळविला म्हणजे नुसत्या योगायोगाची चूक अर्ध्या टक्क्याच्या आसपास येते. पण मूळ गृहीतच चुकलें असेल, तर तें दहा लाख वेळां खेळवूनहि सुधारत नाहीं. आणि मागचे आकडे पुढच्याची साक्ष देतात, हें तर या गणिताचें पहिलें गृहीत आहे.

म्हणून आकड्यास निवाड्याचा अधिकार देतांना फार जपलें पाहिजे. १९९८ ते २०१३ पर्यंतच्या हंगामांत अमेरिकेंतील महाविद्यालयीन फुटबॉलच्या अंतिम लढतीस कोणते दोन संघ पात्र, हें ठरवितांना संगणकी गुणानुक्रमासहि वांटा दिलेला होता. ज्या संघास ती लढतच मिळाली नाहीं, त्यानें यंत्राचा अंदाज खोटा कसा ठरवावा? दार बंद करणारें भाकित स्वतःची परीक्षाच होऊं देत नाहीं, आणि मग आपण कधीं चुकलों नाहीं असा डौल मिरवितें. बोईसरच्या एखाद्या कामगाराच्या मुलीला "तुझ्यासारख्यांतून कोणी पुढें गेलेलें नाहीं" म्हणून मैदानावर जाऊंच दिलें नाहीं, तर पुढील वर्षींच्या आकडेवारींतहि तिच्यासारखें कोणी असणार नाहीं. गणिताच्या मुखानें केलेला हा अन्यायच होय.

तेव्हां आकड्यास त्याची जागा द्यावी. किती पणास लावावें, हें त्याला अवश्य विचारावें: शाळा सोडावी काय, घर गहाण टाकावें काय, पडल्यास उभें राहण्यास दुसरा आधार आहे काय? या बाबतींत संभवाचें गणित बापाइतकेंच हितचिंतक आहे, आणि त्याचें न ऐकण्यास धैर्य म्हणतां येणार नाहीं. परंतु उद्यां पहांटे उठून सराव करावा कीं नाहीं, आणि दुसऱ्याच्या मुलास एक संधि द्यावी कीं नाहीं, हे प्रश्न त्याच्या अधिकाराबाहेरचे आहेत. पहिल्याचें उत्तर कर्तव्यबुद्धीनें द्यावयाचें, दुसऱ्याचें न्यायबुद्धीनें. सहा गडी बाद झाले असतां जो खेळपट्टीवर उतरतो त्याच्यापुढें दहा हजार सामने नसतात, एक चेंडू असतो. तो नीट खेळणें एवढेंच त्याचें काम. त्याला तेथवर पोंचूं देणें हें मात्र त्याच्या एकट्याच्या हातीं नाहीं. तें काम आपणां पाहणारांचें आहे.