निवृत्ताचे अग्निहोत्र

गृहस्थाने घरदार सोडून वनाकडे केव्हा वळावे, याचा निर्णय मनुस्मृतीच्या सहाव्या अध्यायात तीन खुणांवर सोपवलेला आहे: अंगावर सुरकुत्या दिसू लागाव्यात, केस पिकावेत आणि अपत्याचे अपत्य दृष्टीस पडावे. गावचा आहार व घरातला सारा परिग्रह टाकून, पत्नीला मुलांच्या स्वाधीन करून किंवा सोबत घेऊन त्याने अरण्यात जावे, अशी आज्ञा करणारे तेच शास्त्र लगेच पुढच्या श्लोकात एक अपवाद करते, आणि त्या अपवादाकडे निवृत्तीविषयी लिहिणाऱ्या-बोलणाऱ्यांचे द्यावे तितके लक्ष गेलेले नाही असे मला वाटते. जाताना त्याने आपला अग्निहोत्राचा अग्नी आणि त्याची उपकरणे मात्र बरोबर न्यावीत, असे तेथे म्हटले आहे. ज्याने धान्याची कोठारे मागे ठेवली, गुरेढोरे मागे ठेवली, त्याने पळ्या-पात्रांचे ओझे आणि सकाळ-संध्याकाळ जपावा लागणारा विस्तव मात्र का सोडू नये, हा प्रश्न मला गेली काही वर्षे सोडीत नाही. आणि तो माझ्यापुढे उभा राहण्यास माझ्या अंगणातला एक जुना ट्रक कारण झाला आहे.

आंबागड हे तुमसर तालुक्यातले, सातपुड्याच्या पायथ्याचे गाव. या तालुक्याच्या जमिनीवर धान आहे आणि पोटात मँगेनीज आहे. चिखला आणि डोंगरी बुजुर्ग येथल्या खाणींनी इथल्या कित्येक पिढ्यांना भाकर दिली. माझ्या नोकरीचा बहुतेक काळ असल्याच एका खाणीच्या काट्यावर, येणाऱ्या-जाणाऱ्या ट्रकांचे रिकामे व भरलेले वजन दप्तरात चढवण्यात गेला. निवृत्तीनंतर एका लिलावात मोडीच्या भावाने निघालेला जो ट्रक मी घेतला, तो जमशेदपूरच्या कारखान्यात टेल्को आणि जर्मनीची डाइम्लर-बेंझ यांच्या सहकार्यातून तयार होणाऱ्या गाड्यांपैकी आहे. हे सहकार्य १९५४ साली सुरू झाले, १९६९ साली त्याची मुदत संपली आणि दर्शनी जाळीवरच्या त्रिशूळी ताऱ्याच्या जागी टाटांचे ‘टी’ हे अक्षर आले. माझ्या ट्रकाच्या कपाळावर अजून ताराच आहे. 

आता या सेवेचे स्वरूप थोडे सांगितले पाहिजे, कारण तपशिलावाचून केलेला धर्मविचार पोकळ होतो. उभे राहिलेले यंत्र विश्रांती घेत असते हा समज प्रथम टाकून द्यावा लागतो. टाकी अर्धी रिकामी राहिली तर पावसाळ्यातल्या दमट हवेचे आत पाणी होते आणि ते डिझेलच्या तळाशी बसून पंपापर्यंत गंज नेते. ब्रेकच्या सिलिंडरातले रबर वाळते. तेलाची सीले आखडून गळू लागतात. एकाच जागी भार सोसून टायर खालून चपटे होतात, म्हणून आसाखाली लाकडी ठोकळे देऊन चाके उचलून ठेवावी लागतात. कमानपाट्यांमध्ये आणि किंगपिनांमध्ये ग्रीस भरावे लागते, रेडिएटरचे पाणी पाहावे लागते, आणि ठराविक अंतराने इंजिन सुरू करून त्याला चांगले तापू द्यावे लागते. पाइपात हवा शिरली असेल तर पंपावरचा स्क्रू सैल करून हाताने डिझेल चढवीत बुडबुडे थांबेपर्यंत ती काढत बसावे लागते, आणि हे काम घाईच्या माणसाच्या हातून कधीही नीट होत नाही. सहा सिलिंडरांच्या या इंजिनात ठिणगी पाडणारा प्लग नाही. हवा इतकी दाबली जाते की तिच्याच उष्णतेने इंधन पेट घेते; थंडीत प्रारंभाला तेवढी आतली कोठी तारेने तापवून द्यावी लागते. अरणीच्या मंथनातून अग्नी काढणाऱ्या ऋषींना हे इंजिन परके वाटले नसते. त्याच्या पोटातही अग्नीच आहे, आणि तो दाबातून जागा करावा लागतो.

ज्या मंडळींबरोबर मी एकादशीला कीर्तनाला बसतो, त्यांचा या उद्योगावर आक्षेप आहे, आणि तो मी हलका मानीत नाही. ज्या वयात नामस्मरण करावे, तीर्थे करावीत, निदान नातवंडांना हरिपाठ शिकवावा, त्या वयात हात काळे करून एका निर्जीव लोखंडात जीव गुंतवणे हा मोह नव्हे काय, असे ते विचारतात. पुराणातल्या भरत राजाने राज्य सोडले आणि एका पाडसात मन गुंतवून पुढचा जन्म हरणाचा घेतला, ही कथा एकाने मला ऐकवली. पाडस निदान सजीव होते. शिवाय हा ट्रक आता ओझे वाहत नाही, पैसा मिळवीत नाही, कोणाच्या उपयोगी पडत नाही. पोळ्याच्या आदल्या दिवशी आपण बैलाचे खांदे लोण्या-हळदीने शेकतो, खंडेनवमीला पाना-हातोडीला फुले वाहतो, पण ही पूजा कामात असलेल्या साधनाची असते. काम संपलेल्या साधनाची पूजा कोणत्या शास्त्रात सांगितली आहे? या प्रश्नाने मला बरेच दिवस निरुत्तर केले होते.

त्यावर दुसरा, अधिक खोल प्रश्न तुमसरच्या मिस्त्रीने घातला. इंजिन उतरवून पिस्टनच्या रिंगा, बेअरिंगे, व्हॉल्व्ह बदलून झाले होते, पंपाचे प्लंजर नवे बसले होते, हौद्याची कुजलेली फळी काढून सागाची घातली होती, फाळक्याच्या कड्यासुद्धा नव्या होत्या. तेलाचे हात चिंध्यांना पुसत तो म्हणाला, “बाबूजी, आता याच्यात जुनं का उरलं जी?” प्रश्न त्याने सहज केला, परंतु हाच प्रश्न दोन हजार वर्षांपूर्वी भिक्षू नागसेनाने यवन राजा मिलिंदाला केला होता. राजा रथातून आला होता. आस म्हणजे रथ काय, चाके म्हणजे रथ काय, दांडी, जू, सांगाडा यांपैकी कोणी एक रथ काय, असे एकेक विचारून नागसेनाने राजाच्या तोंडूनच वदवून घेतले की यांपैकी काहीच रथ नाही; या भागांच्या आधाराने चालणारे ‘रथ’ हे व्यवहाराचे नाव तेवढे आहे, आणि ‘नागसेन’ हेही तसेच. नैयायिकांना हे मान्य नाही. त्यांच्या मते अवयवांहून निराळा अवयवी खरोखर अस्तित्वात असतो. मात्र त्यांची काटेकोर बुद्धी तेवढ्यावर थांबत नाही: एक अवयव गेला की जुना अवयवी नष्ट झाला आणि नवा उत्पन्न झाला, आणि ‘हा तोच’ असे आपण म्हणतो ते केवळ साजात्यामुळे, असे त्यांना म्हणावे लागते. म्हणजे बौद्धांच्या हिशेबी माझा ट्रक कधी नव्हताच, आणि न्यायाच्या हिशेबी तो प्रत्येक बोल्टागणिक मेला. उत्पाद, व्यय आणि ध्रौव्य ही तिन्ही एकाच सत्तेत मानणारे जैन आचार्य त्या मानाने मिस्त्रीला जवळचे वाटले असते. पण बदलणाऱ्या पर्यायांखाली टिकणारे ते द्रव्य माझ्या अंगणात नेमके कोठे आहे, हे दाखवा म्हटले तर तेही सोपे नाही.

सरकारलाही हा प्रश्न चुकला नाही. जुन्या वाहनांसाठी २०२१ साली केंद्राने जे नियम केले, त्यांत पन्नास वर्षांहून जुन्या दुचाकी व चारचाकींना विंटेज म्हणून निराळी नोंदणी दिली. मात्र अट अशी की वाहन मूळ रूपात राखलेले असावे, आणि त्याच्या चेसीसमध्ये, सांगाड्यात वा इंजिनात मोठा फेरफार झालेला नसावा. मालवाहू अवजड गाडीचा विचार त्यात दिसत नाही. माझा ट्रक आवाराबाहेर जात नाही आणि मी त्यासाठी अर्ज केलेला नाही. परंतु कायद्याने येथे द्रव्याचा पक्ष घेतला आहे. वस्तू तीच आहे की नाही हे तिच्या लोखंडावरून ठरते, असे त्याचे म्हणणे आहे.

हे म्हणणे अपुरे आहे असे मला गावाशेजारचा किल्ला सांगतो. देवगडचा गोंड राजा बख्त बुलंद याच्या कारकिर्दीत, सन १७०० च्या सुमारास, त्याचा सरदार राजाखान पठाण याने आंबागड बांधला. पुढे तो नागपूरकर भोसल्यांच्या ताब्यात गेला, त्यांनी त्याचा तुरुंग केला, आणि तेथल्या विहिरीचे सडके पाणी पिऊन कैदी मरत अशी आठवण अजून सांगतात. त्या किल्ल्याचे दगड जेथले तेथे आहेत. बुरुज मूळचे, तट मूळचा, विहीर मूळची. मूळ द्रव्य जपण्याच्या कसोटीला हा किल्ला माझ्या ट्रकापेक्षा शतपटीने उतरेल. तरीही तेथे किल्ला आहे असे कोण म्हणेल? पहारा नाही, चौकी नाही, दिवेलागण नाही. आता उलट बाजू पाहा. जगन्नाथपुरीच्या मूर्ती लाकडाच्या. ज्या वर्षी आषाढ अधिक येतो अशा काही वर्षी, अलीकडे १९९६ आणि २०१५ साली, कडुनिंबाच्या नव्या लाकडातून त्या पुन्हा घडवल्या जातात. डोळ्यांवर पट्टी बांधलेला, हातांना वस्त्र गुंडाळलेला सेवक जुन्या देहातला ब्रह्मपदार्थ नव्या देहात ठेवतो, आणि जुन्या मूर्ती मंदिराच्या आवारात पुरल्या जातात. देहाचे सारे लाकूड बदलले, आणि जगन्नाथ तोच आहे याविषयी रथाचा दोर ओढणाऱ्या एकालाही शंका नसते. आपल्या पंढरीतही विठ्ठलाच्या झिजलेल्या चरणांना वज्रलेप करतात, आणि वारकरी त्याच चरणांवर डोके ठेवतो.

किल्ल्यात द्रव्य राहिले आणि सेवा तुटली. पुरीत द्रव्य गेले आणि सेवा अखंड राहिली. यावरून माझा निष्कर्ष असा की वस्तूचे सातत्य तिच्या द्रव्यात नसून तिच्यासाठी होत राहिलेल्या कर्मात आहे. अग्निहोत्राच्या अग्नीचे तरी दुसरे काय असते? सकाळची ज्वाला संध्याकाळी उरत नाही, समिधा रोज नव्या, राख रोज निराळी. तरी आहुती चुकली नाही तोवर तो त्याच गृहस्थाचा तोच अग्नी, आणि विझला तर पुनराधान केल्यावाचून गत्यंतर नाही. माझा ट्रक ज्या दिवशी लिलावात उभा होता त्या दिवशी त्याचे लोखंड आजच्यापेक्षा अधिक मूळचे होते, पण त्या दिवशी तो ट्रक नव्हता, भंगार होता. मिस्त्रीच्या प्रश्नाला माझे उत्तर हेच आहे: जुने उरले आहे ते पाना फिरवण्यात, आणि ते उद्या फिरवला नाही तर उरणार नाही. नागसेनाचे यात काही खोटे पडते असे मला वाटत नाही. त्याने ज्याला व्यवहाराचे नाव म्हटले तो व्यवहार कोणीतरी चालवावा लागतो, एवढेच मी त्यात मिळवतो.

मग मोहाचे काय? भरत राजाला पाडस आपले वाटले, ते जाईल या भयाने तो व्याकुळ झाला, आणि मरताना त्याच्या मनात तेच होते. तेथे दोष प्रेमाचा होता असे मी मानीत नाही. दोष मालकीचा होता. ज्याला कळले की वस्तू म्हणजे तिची सेवा, त्याला मालक होण्यास जागाच उरत नाही. तो फार तर वहिवाटदार असतो. गंज रोज येतो, आणि अनित्यतेचा उपदेश ऐकणाऱ्याहून पॉलिशकागदाने रोज गंज काढणाऱ्याला अनित्यता अधिक ठाऊक असते. कामातून गेलेल्या साधनाची पूजा कोणत्या शास्त्रात आहे, या प्रश्नालाही मला आता उत्तर सापडते. फळाची आशा न धरता कर्म करावे हे आयुष्यभर ऐकले, पण नोकरीत प्रत्येक नोंदीमागे पगार होता आणि संसारात प्रत्येक कष्टामागे मुलांचे भवितव्य होते. ज्याच्यातून काहीच यायचे नाही असे काम हाती येण्यास मला निवृत्त व्हावे लागले. इंजिन एका लयीत धरले की मला आनंद होतो, हे मी नाकारीत नाही. तो फळच आहे असे कोणी म्हटले, तर कीर्तनातल्या आनंदालाही तोच न्याय लावावा लागेल.

परंतु मनूचे सांगणे येथे संपत नाही, आणि माझ्या सोयीचा अर्धा भाग घेऊन थांबणे अप्रामाणिकपणाचे होईल. तोच अध्याय पुढे म्हणतो की काही काळाने वानप्रस्थाने ते अग्नी विधिपूर्वक स्वतःत सामावून घ्यावेत आणि अग्नीवाचून, घरावाचून राहावे. अग्निहोत्री त्याआधीच गेला तर त्याची यज्ञपात्रे त्याच्या देहावर मांडून त्याच्याबरोबर दहन करण्याचा विधी गृह्यसूत्रांत आहे. पात्राचे आयुष्य यजमानापुरते, असा त्याचा अर्थ. ट्रकाला चितेवर चढवता येत नाही. त्याला भट्टी आहे. पोलादाला कणखरपणा येण्यासाठी त्यात मँगेनीज लागते, आणि ज्या मातीचे वजन मी काट्यावर लिहीत होतो तिचा अंश या चेसीसमध्ये मुळापासून असेलही. वितळल्यावर तो दुसऱ्या कशात तरी जाईल. यात मला दुःख करण्यासारखे दिसत नाही.

माझ्या मुलांना या कामाची आवड नाही, आणि ती असावी असा आग्रह मी कधी धरला नाही. मिस्त्रीचा पुतण्या पंपाचे टायमिंग बसवायला शिकला आहे. इंजिनाचा आवाज ऐकून कोणत्या सिलिंडरात दोष आहे ते तो सांगतो, आणि बहुधा बरोबर सांगतो. मृत्युपत्रात ट्रकासंबंधी मी एवढेच लिहिले आहे की त्याने मागितला तर विनामूल्य त्याच्या कब्जात द्यावा, सोबत ग्रीसिंगची नोंदवही द्यावी, आणि त्याने न मागितला तर भंगारात घालून येईल ती रक्कम घरखर्चात जमा करावी. ट्रक राखलाच पाहिजे अशी अट मी त्यात घातलेली नाही.