उंबऱ्याबाहेरचा जीव

ज्याला शिवायचे नाही, त्याच्यावर माया करता येते काय? प्रश्न वाटतो तितका परका नाही. कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावणाऱ्या नामदेवांची कथा आपण डोळ्यांत पाणी आणून ऐकतो, आणि घरी कुत्रे स्वयंपाकघरात डोकावले की काठी शोधतो.

इस्लामला कुत्रे वर्ज्य, असे आपण सरसकट बोलून मोकळे होतो. तिथल्या धर्मपंडितांचे मात्र एकमत नाही. शाफी मताप्रमाणे कुत्र्याने तोंड घातलेले भांडे सात वेळा, त्यांत एकदा मातीने, धुवायचे. हनफी मत लाळ अपवित्र मानते, कोरड्या अंगाला हात लागल्यास विटाळ मानत नाही. मालिकी मत तर कुत्र्याला शुद्धच समजते. आणि बुखारींच्या हदीससंग्रहात तहानलेल्या कुत्र्याला आपल्या पायताणाने विहिरीतले पाणी काढून पाजणारी एक वेश्या आहे. तेवढ्यावर ईश्वराने तिला क्षमा केली.

हनफी परंपरेच्या इस्तंबूलने यातून आपली वाट काढली होती. कुत्रा घरात नाही, पण गल्ली त्याची. तो कुणा एकाचा नव्हता, म्हणून उरलेसुरले अन्न नि पाणी सगळ्या गल्लीकडून मिळे. त्याच्यावर मोठा घाला आला १९१० साली, आणि तोही विटाळाच्या नावाने नव्हे! शहर युरोपसारखे दिसायला हवे होते. हजारो कुत्री पकडून मार्मारा समुद्रातल्या एका ओसाड बेटावर सोडली गेली. तिथे ती भुकेने, तहानेने मेली. सोवळ्याने जे कधी केले नाही, ते सुधारणेने केले, असे मला म्हणावेसे वाटते.

२००४ च्या कायद्याने तुर्कस्तानात जुनी रीत नव्या रूपात परत आली : पकडा, नसबंदी करा, लस टोचा आणि जिथून उचलले तिथेच सोडा. पण नसबंदीचे काम अपुरे पडले, कुत्री वाढली, माणसांवर हल्ले झाले. ज्या आईचे मूल कुत्र्याने फाडले, तिला हदीस ऐकवायला मी धजणार नाही. जुलै २०२४ मध्ये संसदेने कायदा बदलला. आता भटकी कुत्री निवाऱ्यांत न्यायची. आक्रमक किंवा असाध्य रोग झालेल्यांना मारण्याची मुभाही आहे. त्या वेळी सरकारी अंदाजाने कुत्री होती सुमारे चाळीस लाख, आणि देशभरच्या निवाऱ्यांत जागा होती जेमतेम एक लाखाची.