मत बनण्याआधी

डिसेंबर १९३६. यावल तालुक्यातल्या फैजपूरला काँग्रेसचं अधिवेशन भरलं, खेड्यात भरलेलं पहिलंच. अध्यक्ष होते पंडित नेहरू. देशाची घटना परक्या सरकारने लिहून देऊ नये, प्रौढ मताधिकाराने निवडलेल्या आपल्याच घटना समितीने ती लिहावी, ही मागणी खानदेशच्या मातीतून पुन्हा ठामपणे मांडली गेली. आपला निर्णय आपण घेणार, हे त्या मागणीचं सार.

तो हक्क मिळाला. आता परका उघडपणे हुकूम सोडत नाही; आपल्यातलाच एक असल्याचं भासवून मोबाइलमधून बोलतो. २०२४च्या लोकसभेला जळगाव आणि रावेरने १३ मे रोजी, धुळ्याने २० मे रोजी मतदान केलं. त्याच महिन्यात इस्रायलमधली ‘स्टोइक’ ही कंपनी कृत्रिम बुद्धिमत्ता वापरून आपल्या निवडणुकीवर प्रतिक्रिया तयार करत होती. त्यात सत्ताधारी भाजपवर टीका होती, काँग्रेसचं कौतुक होतं. जिची कृत्रिम बुद्धिमत्ता त्यासाठी वापरली जात होती, त्या ‘ओपनएआय’ कंपनीने हा उद्योग चोवीस तासांच्या आत रोखला. तो फारसा पसरला नाही. पण आज एका पक्षाविरुद्ध झालं ते उद्या दुसऱ्याविरुद्ध होऊ शकतं, आणि दोन्ही वेळा फसवला जातो तो मतदारच.

न पडताळलेल्या निरोपाची किंमत आपण मोजली आहे. १ जुलै २०१८ रोजी साक्री तालुक्यातल्या राईनपाड्यात, मुलं पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून जमावाने नाथपंथी डवरी गोसावी समाजातल्या पाच निरपराध भिक्षेकऱ्यांचा जीव घेतला. त्या दिवसांत देशभर फिरणारी एक चित्रफीत मुळात कराचीतल्या बालसुरक्षेच्या जाहिरातीची होती. मूल सुखरूप परत आणून सोडल्याचा तिचा शेवट कोणीतरी कापला होता. ती गावोगाव पोचवणारी बोटं मात्र आपलीच होती. परकी प्रचारमोहीमसुद्धा याच बोटांच्या भरवशावर चालते.

मतदान संपण्याआधीचे ४८ तास जाहीर प्रचार बंद ठेवायला कायदा सांगतो. हातातल्या फोनला तशी विश्रांती आपणच द्यायला हवी. एखादा निरोप वाचून संताप आला, की तिथेच थांबा. हे कोण म्हणतंय, कुठून म्हणतंय, मला भडकवून कोणाचा फायदा होणार, हे विचारा. उत्तर मिळेपर्यंत तो पुढे पाठवू नका. मतदान केंद्रात बटण आपणच दाबतो. त्यामागचा विचारही आपलाच असू द्या.