मधला थर

दिवाळीच्या पहाटे अभ्यंगस्नानाला साबणाची नवी वडी काढावयाची, हा आमच्या घरचा जुना रिवाज. उटणे लावून झाले की आई कागद फाडून कोरी वडी हातावर ठेवी, आणि पहिला वास कोणी घ्यावयाचा ह्यावरून आम्हां भावंडांत भांडण होई. एरवी साबण ही रोजच्या गरजेची वस्तू. त्या एका पहाटे मात्र ती चैन होई. आठवड्याभरात वडीचे कोपरे झिजत, वरची अक्षरे पुसली जात आणि ती पुन्हा नुसता साबण होई. ह्यात काही गमावले असे कोणाला वाटत नसे.

ही साधी गोष्ट मी पुढे विसरले. कशी विसरले, तेच सांगावयाचे आहे.

माझी आत्या सांगलीला असते. तिने आयुष्यभर शाळेत शास्त्र शिकवले आणि निवृत्तीनंतर घरी साबण करण्याचा नाद लावून घेतला. नाद खरा, पण हिशेब चोख. १०० ग्रॅम खोबरेल तेलाला सुमारे १८ ग्रॅम कॉस्टिक सोडा लागतो, शेंगदाण्याच्या तेलाला १४ ग्रॅमांच्याही आत. ती सोडा मुद्दाम किंचित कमी घालते. म्हणजे थोडे तेल साबणात मोकळे राहते आणि कातडी कोरडी पडत नाही. सोडा पाण्यात घालावयाचा, पाणी सोड्यावर कधीही ओतावयाचे नाही. ते पाणी विस्तवावाचून तापते. ते निवले की तेलात घालून घोटावयाचे. मिश्रण भज्यांच्या पिठाइतके दाट झाले की त्यात रंग आणि वास मिसळावयाचा. थर द्यावयाचे असतील तर खरी कसोटी इथेच. पहिला थर पातळ असताना दुसरा ओतला तर दोन्ही एकमेकांत मिसळतात; तो पुरता घट्ट झाल्यावर ओतला तर वडी कापताना थर सुटून येतात. एवढे करून ती वडी ४ ते ६ आठवडे उघड्या हवेत मुरू द्यावयाची, म्हणजे आतले पाणी उडून ती टणक होते.

“रंगानं काही मळ निघत नाही,” मी एकदा तिला म्हटले होते. त्यावर ती म्हणाली, “आणि रांगोळीनं अंगण झाडलं जातं का गं?”

दोन वर्षांपूर्वीच्या दिवाळीला तिने मला एक वडी पाठवली. वर हळदीचा पिवळा थर, खाली कोळशाच्या पुडीचा करडा आणि मध्ये गेरूची तांबडी पट्टी. वास गवती चहाचा आणि वाळ्याचा. मी ती हातात घेतली आणि मनात म्हटले, छे, ही वापरावयाची? आणि ती कपाटात ठेवून दिली. चांगल्या कपबशा पाहुण्यांसाठी आणि चांगले पातळ लग्नकार्यासाठी, अशा शिस्तीत आपण वाढलेलो. त्यामुळे आपण काही चुकीचे करीत आहो असे वाटलेच नाही. उलट, आत्याच्या कष्टांचा आपण मान राखला असे समाधान वाटले.

संक्रांतीला तिचा फोन आला. “वापरलीस का गं वडी?”

“हो तर! फार छान झालीय.”

“मग मधला थर लागला की नाही? वास कसला आला, सांग बघू.”

मी क्षणभर थांबले आणि म्हटले, “वाळ्याचाच.”

“बरं,” ती म्हणाली आणि तिने तिळगुळाचा विषय काढला.

ते “बरं” माझ्या मनातून जाईना. खोटे मी बोलले, ते तिला वाईट वाटू नये म्हणून, अशी मी मनाची समजूत घातली. पण ही समजूत टिकणारी नव्हती. वडी न वापरणे हा जर खरोखरच तिचा मान होता, तर तो तिच्यापासून लपवण्याचे कारण काय? आपण मान देत आहो असे ज्याला मनापासून वाटते, तो ते उघड सांगतो. मी लपवले, ह्याचा अर्थ वडी कशासाठी आली आहे हे मला पहिल्यापासून ठाऊक होते.

जपणे हा सद्गुण आहे, ह्यात शंका नाही. आजीची पैठणी नातीने नेसावी म्हणूनच ती विणणारा जर पक्का धरतो आणि आई ती मलमलीत गुंडाळून ठेवते. पण काही वस्तू संपण्यासाठीच जन्माला येतात. त्यांना जपणे म्हणजे त्यांचा जन्म नाकारणे. ईशोपनिषदाने भोग आणि त्याग एकाच वाक्यात आणून बसवले, ते फार मोठ्या अर्थाने. पण त्याची छोटीशी प्रचीती न्हाणीघरातही येते, असे मला आता वाटते. साबण भोगावयाचा म्हणजे तो सोडावयाचा, रोज थोडा थोडा.

आणि मी जपत तरी काय होते? वडी नव्हे. कोणीतरी आपल्यासाठी इतके केले, ही जाणीव मला अखंड हवी होती. वस्तू वापरली की देणाऱ्याचे ऋण अंगाला लागते. कपाटात ठेवली की ते नुसते शोभेला राहते.

गेल्या दिवाळीला मी ती वडी बाहेर काढली. तिच्यावर तांबूस-पिवळे ठिपके पडले होते आणि खवट तेलाचा वास येत होता. माझ्या कातडीसाठी म्हणून आत्याने जे थोडे तेल मोकळे राखले होते, नेमके तेच खराब झाले होते. गवती चहा उडून गेला होता. तरी मी तिनेच न्हाले. तीन आठवड्यांनी तांबडी पट्टी हाताला लागली, आणि त्या खवटपणाखालून एक ओळखीचा, अगदी पुसट वास आला. तो दवण्याचा होता. चैत्रात जोतिबाला जाऊन आले की आजोबा दवणा आणीत, आणि आत्या त्याच्या काड्या माझ्या वेणीत खोवी.

मी तिला फोन केला आणि सगळे सांगून टाकले.

“ते मला संक्रांतीलाच कळलं होतं,” ती म्हणाली. “दवण्याला वाळा म्हणालीस ना!”

“मग तू बोलली का नाहीस?”

“वडी तुझी होती बाई. ती कशी वापरायची ते मी कोण सांगणार?”

ह्या वर्षीची वडी परवाच आली. थर तीनच आहेत. मधल्यात काय आहे, ते तिने सांगितलेले नाही आणि मीही विचारलेले नाही. नरकचतुर्दशीच्या पहाटे मी कागद फाडणार आहे.