नुसते पाहणे

"नुसते पाहायला काय जाते?" असे मामा म्हणाले आणि मी साताऱ्याहून सांगलीला मुलगी पाहायला गेलो. पोहे झाले, चहा झाला. मामींनी तिला जरा चालून दाखवायला सांगितले. ती उंबऱ्यापासून खिडकीपर्यंत गेली, परत आली. मी काही बोललो नाही, विचारले नाही. नुसता पाहत बसलो. परतीच्या एस.टी.त नकार ठरला आणि कऱ्हाड यायच्या आत माझा डोळाही लागला.

पाहण्याने कोणाचे काही बिघडत नाही, ही माझी जुनी समजूत. ती परवा पुतण्याने मोडली. तो भौतिकशास्त्र शिकतो. आकाशकंदील टांगता टांगता म्हणाला, "काका, उजेड ढकलतो."

मी हसलो. पण रशियात लेबेदेव यांनी १९०१ मध्येच हा रेटा मोजून दाखवला आहे. भर दुपारचे ऊन अंगणातल्या एका चौरस मीटरवर जो भार टाकते, तो अर्ध्या मिलिग्रॅमच्या आसपास. वाळत घातलेला पापडही हलायचा नाही! मात्र वस्तू पुरेशी चिमुकली केली की हलते. २००८ मध्ये येल विद्यापीठात सिलिकॉनची एक तुळई घडवली. लांबी अवघी दहा मायक्रॉन, केसाच्या जाडीइतकीही नाही. तिच्यातून कमीजास्त होणारा प्रकाश सोडला, तशी ती थरथरू लागली. पुढेमागे प्रकाशाची वाट प्रकाशानेच बदलता यावी, म्हणून ही खटपट. मला नवल वाटले ते वेगळेच. प्रकाश आपला लांबीच्या दिशेने सरळ चालला होता. तुळई ओढली जात होती ती खालच्या पायाकडे.

आपल्याकडे हिंगोली जिल्ह्यात औंढ्याजवळ गुरुत्वलहरी टिपणाऱ्या 'लायगो'ला २०२३ मध्ये केंद्राची मंजुरी मिळाली. अमेरिकेतल्या तशाच यंत्रात चाळीस किलोचे आरसे त्यांना न्याहाळणाऱ्या प्रकाशानेच किंचित हलतात, हे २०२० मध्ये मोजले गेले.

"पण प्रकाशाला हेतू नसतो, त्याला दोष कसला?" पुतण्या म्हणाला.

हेतू मलाही नव्हता, आणि हीच सबब मी इतकी वर्षे जवळ बाळगली. ती खोटी नाही. पण ते शास्त्रज्ञ तिच्यावर थांबत नाहीत. पाहण्याचा धक्का हिशेबात धरतात आणि मगच आपला आकडा मांडतात. मी मात्र आमच्या घरचा हिशेब मांडला तो प्रवासखर्चाचा.

खिडकीपाशी वळताना तिने एकदा माझ्याकडे सरळ पाहिले होते. मी मान खाली घालून रिकामी कपबशी न्याहाळू लागलो.