नाव सापडेना म्हणून घर पाडलंस

बस. पाणी पी आणि मान वर करून ऐक. रात्रपाळी करून थेट इकडे आलायस हे मला दिसतंय. पण झोप झाली नव्हती म्हणून चूक झाली, हे मी मान्य करणार नाही. ही चूक सवयीची आहे, आणि आज ती मोडायची आहे.

चाकणच्या कंपनीत तू दोन वर्षं मेंटेनन्सला आहेस. लाइन थांबली की काय करतोस? सेन्सरचा दिवा बघतोस, केबल हलवून बघतोस, पीएलसीला इनपुट पोचतोय का ते तपासतोस. मग फळ्यावर ‘व्हाय-व्हाय’ लिहितोस, एकाखाली एक पाच वेळा ‘का?’. मूळ कारण लिहिल्याशिवाय ब्रेकडाउन स्लिपवर सही होत नाही, हे तूच मला सांगितलंस. आणि चिखलीला घरी आल्यावर, त्याच हातांनी, एकदाही ‘का?’ न विचारता आख्खा संगणक फॉरमॅट केलास. प्रेसचा लिमिट स्विच बिघडला तर तू प्रेस भंगारात घालतोस का?

झालं काय होतं? तू घरच्या डेबियनच्या मशीनचं नाव बदललंस. हौस होती, हरकत नाही. त्यानंतर प्रत्येक ‘सुडो’ला ओळ येऊ लागली, ‘अनेबल टू रिझॉल्व्ह होस्ट’, आणि पुढे तुझ्या मशीनचं नवं नाव. ती ओळ तू पाहिलीस, वाचली नाहीस. मशीन सांगत होतं की या नावाचा पत्ता मला सापडत नाही. नाव कुणाचं? त्याचंच! ‘होस्टनेम’ फाइलीत नवं नाव गेलं, पण ‘होस्ट्स’ फाइलीत १२७.०.१.१ च्या पुढे जुनंच राहिलं. एक शब्द बदलायचा होता. एक.

टेल्कोचं नाव २००३ मध्ये टाटा मोटर्स झालं. तरी आपल्याकडे ‘टेल्को रोड’ म्हटलं की रिक्षावाला बरोबर नेऊन सोडतो, कारण दोन्ही नावं त्याच्या डोक्यात एकाच जागेशी बांधलेली आहेत. मशीनला असं डोकं नसतं. त्याच्याकडे यादी असते. यादीत नाव असेल तर पत्ता मिळेल, नसेल तर ते दुसऱ्या कुणाला तरी विचारत बसेल.

ती यादी किरकोळ समजू नकोस. डीएनएस जन्मायच्या आधी आर्पानेटवरच्या सगळ्या यंत्रांची नावं अशाच एका फाइलीत होती. स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये एलिझाबेथ फाइनलर यांचा गट ती सांभाळायचा आणि बाकीची केंद्रं तिची प्रत उतरवून घ्यायची. यंत्रं वाढली, एक फाइल पुरेना, तेव्हा १९८३ मध्ये पॉल मॉकापेट्रिस यांनी डीएनएसची रचना मांडली. तरीही ‘होस्ट्स’ फाइल गेली नाही. आजही लिनक्समध्ये साधारणपणे आधी तीच पाहिली जाते आणि मग डीएनएसला विचारलं जातं. हा क्रम ‘एनएसस्विच’ फाइलीत लिहिलेला असतो. मी तो वर्गात फळ्यावर लिहिला होता. तुझ्या वहीत आहे का? दाखव.

नाही ना?

मग पुढची घाई. कुणीतरी सांगितलं म्हणून ‘रिझॉल्व्ह’ फाइलीत ८.८.८.८ घातलंस. अरे, चिखलीतल्या तुझ्या खोलीत टेबलाखाली ठेवलेल्या डब्याचं नाव गूगलच्या सर्व्हरला कुठून माहीत असणार? ते नाव तू आदल्या रात्री ठेवलंस, जगात कुठेही नोंदवलेलं नाही. शिवाय ती फाइल नेटवर्क मॅनेजर पुन्हा स्वतःच लिहितो, म्हणून रीस्टार्टनंतर तुझी ओळ पुसली गेली. तू मात्र व्हायरस शिरला असं घरभर सांगत सुटलास.

नंतर ‘होस्ट्स’मध्ये बरोबर नाव घातलंस, मग पडताळणी केलीस ‘एनएसलुकअप’नं, आणि ते ‘नाही’ म्हणालं म्हणून ओळ पुसून टाकलीस. हे मला सगळ्यात जास्त लागलं. ‘एनएसलुकअप’ ‘होस्ट्स’ फाइल बघतच नाही, ते थेट डीएनएस सर्व्हरला विचारतं. उत्तर तुझ्या हातात आलं होतं, ते चुकीच्या मापानं मोजून तू फेकून दिलंस. व्हर्नियरचं माप पट्टीनं तपासतात का? ‘गेटएंट होस्ट्स’ म्हणायचं आणि पुढे नाव द्यायचं. मशीन ज्या वाटेनं नाव शोधतं, त्याच वाटेनं ते शोधतं.

आता बहिणीच्या लॅपटॉपचं. त्यावरून तुझं मशीन सापडेना, तो वेगळा बिघाड होता. दोन्ही एका आठवड्यात आले म्हणून तू त्यांना एकच समजलास. गुरुवारी लाइट गेली, राउटर पुन्हा सुरू झाला आणि त्यानं तुझ्या मशीनला १९२.१६८.१.७ ऐवजी १९२.१६८.१.१२ दिलं. लॅपटॉपच्या ‘होस्ट्स’मध्ये मात्र सातच लिहिलेला. तू नवी ओळ लिहिलीस, पण नोटपॅडनं ती फाइल मागे ‘टीएक्सटी’ लावून जतन केली. विंडोज तसली फाइल वाचत नाही. एकाच फोल्डरात ‘होस्ट्स’ नावाच्या दोन फाइली दिसत असताना तुला शंका कशी आली नाही? आधी आकडी पत्त्यावर पिंग करायचा. तो चालला तर वायर, वायफाय, कार्ड सगळं ठीक आहे, अडलंय ते नावापाशी. अर्ध्या मिनिटात निम्मं घर तपासून झालं असतं. आणि राउटरमध्ये त्या मशीनसाठी पत्ता राखून ठेवला असता, तर गुरुवार कितीही आले तरी फरक पडला नसता.

फॉरमॅट करून काय मिळवलंस? लॅपटॉपला मशीन अजूनही सापडत नाही. मिळवलंस एवढंच की बहिणीनं वर्षभर टाइप केलेल्या बारावीच्या नोट्स गेल्या. ती पोरगी तुझ्यावर विश्वास ठेवून त्या तुझ्या मशीनवरच्या शेअर्ड फोल्डरात ठेवत होती. तिला खरं सांगितलंस का? ‘मशीन खराब झालं’ असं सांगितलं असशील तर आज घरी जाऊन ते वाक्य मागे घे. मशीन खराब नव्हतं.

आणि आता नीट ऐक. फॉरमॅट झालेल्या डिस्कवर जिथे नवं काही लिहिलं गेलं, तिथलं जुनं परत येत नाही. बाकीचं अजून शाबूत असू शकतं. म्हणून घरी गेल्यावर ते मशीन सुरूसुद्धा करू नकोस. एखादं सॉफ्टवेअर टाकून बघतो, असलं काही नाही. प्लग काढ, डिस्क बाहेर काढून कापडात गुंडाळ आणि उद्या उठलास की माझ्याकडे घेऊन ये. येताना बहिणीलाही आण. कुठल्या फाइली आधी शोधायच्या, ते तिला विचारायचं आहे.